मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात कसा उतरतो : खानदेशातील हौशी आकाशनिरीक्षकांसाठी

पौष महिन्यात रात्री अकरा-बाराच्या सुमारास जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही शेतातून दक्षिणेकडे मान वर करून पाहिले, तर मृग नक्षत्र शोधावे लागत नाही. चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे, मधोमध एका रेषेत बाणाचे तीन तारे आणि त्या बाणाच्या खाली तीन अंधुक ठिपके असा तो आकार असतो. या तीन ठिपक्यांपैकी मधला ठिपका नीट पाहिला की तो ताऱ्यासारखा टोकदार नसून किंचित पसरट आणि धूसर असल्याचे लक्षात येते. हाच मृगातला तेजोमेघ. फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए याने १७६९ मध्ये आपल्या यादीत त्याला ४२ वा क्रमांक दिला, म्हणून तो एम ४२ या नावानेही ओळखला जातो. दुर्बिणीतून तो राखाडी, फार तर हिरवट झाक असलेल्या धुरासारखा दिसतो. छायाचित्रात मात्र तोच गुलाबी, लाल आणि जांभळ्या पदरांनी भरलेला असतो. पाहणाऱ्याला साहजिकच शंका येते की हे रंग खरे की नंतर भरलेले. या शंकेचे उत्तर देता देता तेजोमेघाच्या छायाचित्रणाची जवळजवळ सगळी पद्धत समजून घेता येते.

हा उजेड येतो कुठून

एम ४२ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचा विस्तार साधारण २४ प्रकाशवर्षांचा आहे. तो मुख्यतः हायड्रोजन वायूचा आहे. त्याच्या गाभ्यात नुकत्याच जन्मलेल्या अतितप्त ताऱ्यांचा एक छोटा चौकोन आहे आणि त्यातील सर्वांत प्रखर तारा तीव्र अतिनील किरण बाहेर फेकतो. हे किरण हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनला येऊन मिळतो आणि पायरी-पायरीने खालच्या ऊर्जापातळीवर उतरतो. या उतरणीतील एका ठरावीक पायरीवर ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. याला हायड्रोजन-आल्फा म्हणतात, आणि छायाचित्रातील लाली प्रामुख्याने याचीच असते.

हिरवट झाकेचा इतिहास अधिक रंजक आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स याने एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा ताऱ्यांप्रमाणे अखंड पट्टा न दिसता त्याला काही सुट्या चमकदार रेषा दिसल्या. हा तेजोमेघ ताऱ्यांचा पुंजका नसून वायू आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र ५०० नॅनोमीटरजवळची हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून एका नव्या मूलद्रव्याची कल्पना करून त्याला नेब्युलियम असे नावही देण्यात आले. १९२७ मध्ये आयरा बोवेन याने हे कोडे सोडवले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. तेजोमेघातील वायू इतका विरळ असतो की तिथे अणूंच्या टकरी क्वचितच होतात, आणि म्हणूनच पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहसा न दिसणारा हा प्रकाश तिथे बाहेर पडू शकतो.

आपल्या डोळ्यांना तांबडा भाग का दिसत नाही, याचे कारण डोळ्यांतच आहे. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करत नाहीत. केवळ दंडपेशी जाग्या असतात. त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. त्यामुळे दुर्बिणीतून पाहताना ऑक्सिजनचा प्रकाश थोडाफार जाणवतो आणि हायड्रोजनचा निसटतो. छायाचित्रातला तांबडा रंग कोणी भरलेला नसतो. तो आकाशात असतोच, आपल्याला तो पाहता येत नाही एवढेच.

साध्या कॅमेऱ्याचीही एक अडचण आहे. माणसाच्या त्वचेचे आणि कपड्यांचे रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून त्याच्या संवेदकापुढे एक गाळणी बसवलेली असते आणि ती हायड्रोजन-आल्फाचा बराचसा भाग अडवते. ही गाळणी काढून घेतलेले किंवा बदललेले कॅमेरे हौशी मंडळी वापरतात. निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए आणि कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरए हे याच कामासाठी बनवलेले कॅमेरे बाजारात आणले होते. तरीही सुरुवात करणाऱ्याने घरातल्या कॅमेऱ्याची गाळणी काढण्याची घाई करू नये, असे मला वाटते. एम ४२ इतका तेजस्वी आहे की न बदललेल्या कॅमेऱ्यातही तो गुलाबी उमटतो.

साठवलेला वेळ

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले, आणि ते याच एम ४२ चे होते. ११ इंची दुर्बिणीमागे प्रकाशाने ठसा उमटणारी रसायन लावलेली काच ठेवून त्याने ५१ मिनिटे प्रकाश साठवला. पुढच्या तीनच वर्षांत इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन याने ३६ इंची आरशाने याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले की त्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले. ड्रेपर वैद्यकशास्त्राचा पदवीधर होता, कॉमन स्वच्छता-अभियंता होता. दोघांचाही आकाशाशी संबंध हौसेचा. त्यांच्या यशाचे मर्म आजही तेच आहे. डोळा प्रकाश क्षणभर धरतो आणि सोडून देतो, छायाचित्र मात्र तो साठवत राहते. तेजोमेघाच्या चित्रात दिसणारा तपशील हा मोठ्या भिंगापेक्षा साठवलेल्या वेळेचा परिणाम अधिक असतो, आणि नवख्या माणसाला नेमके हेच पटवून देणे सर्वांत कठीण जाते.

वेळ का लागतो, हे आकड्यांनी पाहू. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण सारख्या अंतराने येत नाहीत. शहाबादी फरशीच्या अंगणात पावसाचा तुरळक शिडकावा झाला, तर एका फरशीवर तीन थेंब पडतात आणि शेजारच्या फरशीवर सात. पाऊस चांगला तासभर झाला की सगळ्या फरश्या जवळपास सारख्या भिजलेल्या असतात. कॅमेऱ्याच्या पिक्सेलांवर नेमके हेच घडते. सरासरी १०० कण अपेक्षित असतील तर प्रत्यक्षातील चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० असतो. १०,००० कण अपेक्षित असतील तर तो १०० असतो. पहिल्या वेळी चढउतार दहा टक्के, दुसऱ्या वेळी एकच टक्का. छायाचित्रात दिसणारी रवाळ कचकच म्हणजे हाच चढउतार.

आता समजा, एका पिक्सेलवर दर सेकंदाला तेजोमेघाचा १ कण येतो आणि शहराच्या कडेला असल्यामुळे आकाशाच्या उजेडाचे ४ कण येतात. एका मिनिटात तेजोमेघाचे ६० आणि आकाशाचे २४० असे मिळून ३०० कण जमतात. आकाशाचे सरासरी २४० नंतर वजा करता येतात, पण ३०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १७, हा चढउतार वजा करता येत नाही. ६० भागिले १७ म्हणजे साडेतीन. एवढ्या गुणोत्तरावर तेजोमेघ जेमतेम ओळखू येतो. अशी १०० छायाचित्रे एकत्र केली तर तेजोमेघाचे ६००० कण आणि चढउतार १७३, म्हणजे गुणोत्तर जवळपास ३५ होते. छायाचित्रांची संख्या शंभरपट झाली, चित्राची प्रत दहापट सुधारली. प्रत दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो.

हाच हिशेब अंधाऱ्या गावाचा करू. तिथे आकाशाचा उजेड दर सेकंदाला १ कण इतकाच आहे असे धरले, तर ३५ चे तेच गुणोत्तर गाठायला १०० ऐवजी ४० मिनिटे पुरतात. एम ४२ च्या बाहेरील फिकट पदरांसारखा, दहा सेकंदांत एखादाच कण देणारा भाग टिपायचा असेल, तर शहराजवळ लागणारा वेळ अंधारातल्या वेळेच्या पावणेचार पट होतो. विषय जितका फिकट, तितकी अंधाराची किंमत जास्त. म्हणूनच महाग भिंग घेऊन गच्चीवर बसण्यापेक्षा साधे भिंग घेऊन तासाभराचा प्रवास करणे अधिक फायद्याचे ठरते, आणि या बाबतीत खानदेशातील माणूस पुण्या-मुंबईच्या निरीक्षकापेक्षा फार सुदैवी आहे.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. वेळच साठवायचा असेल, तर एक-एक सेकंदाची हजारो छायाचित्रे का घेऊ नयेत? याचे कारण असे की प्रत्येक छायाचित्र संवेदकावरून वाचून घेताना कॅमेरा स्वतःची थोडी कचकच त्यात मिसळतो. ही कचकच छायाचित्रामागे एकदाच येते, त्यामुळे प्रत्येक छायाचित्रातील आकाशाचा चढउतार तिच्यापेक्षा बराच मोठा होईल इतका वेळ तरी शटर उघडे ठेवावे लागते. वरच्या उदाहरणातील आकडे आणि सध्याच्या चांगल्या कॅमेऱ्याची कचकच धरली, तर शहराजवळ २० ते २५ सेकंद पुरतात आणि अंधाऱ्या जागी दीड मिनिट लागते. अंधार जास्त असेल तिथे एकेक छायाचित्र अधिक लांब घ्यायचे, हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेबाने ते बरोबर आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातील संवेदनशीलतेचा आकडा, वाढवल्याने मात्र प्रकाश वाढत नाही, केवळ आधी जमलेल्या प्रकाशाचा आकडा मोठा होतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ८०० ते १६०० च्या दरम्यान राहणे योग्य.

पृथ्वी थांबत नाही

दीड मिनिट शटर उघडे ठेवायचे म्हटले की पृथ्वीचे फिरणे आडवे येते. आकाश तासाला १५ अंश, म्हणजेच सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. आपल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल किती विकला व्यापतो, हे काढण्याचे सूत्र सोपे आहे : पिक्सेलचा मायक्रोमीटरमधील आकार गुणिले २०६, भागिले भिंगाची मिलिमीटरमधील फोकल लेंथ. ४ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि २०० मिलिमीटरचे भिंग असेल तर उत्तर सुमारे ४ विकला येते. म्हणजे स्थिर तिपाईवर एका सेकंदातच तारा जवळजवळ चार पिक्सेल ओढला जातो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने चार सेकंदांपर्यंत निभावते, पण तेजोमेघ चित्रात लहानसा उरतो.

यावर उपाय म्हणजे पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र. लहान कॅमेऱ्यासाठी स्टार ट्रॅकर मिळतात, मोठ्या दुर्बिणीसाठी विषुववृत्तीय माउंट लागतात. पैसे मोजकेच असतील तर त्यांतला पहिला आणि मोठा वाटा या यंत्रावर खर्च करावा, दुर्बिणीवर नव्हे; याबाबत माझे मत ठाम आहे. एम ४२ आकाशात एक अंशाहून थोडा अधिक पसरलेला आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दुप्पट. १३५ ते २०० मिलिमीटरच्या, लग्नसमारंभात छायाचित्रकार वापरतात तशा भिंगात तो आजूबाजूच्या ताऱ्यांसह उत्तम बसतो. त्याला मोठी दुर्बीण लागतच नाही.

या यंत्राचा आस आकाशाच्या ध्रुवाकडे अचूक रोखावा लागतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते. खानदेशात ती साधारण २१ अंश आहे. खुद्द ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, म्हणून ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीतील वर्तुळावर तो नेमका कुठे हवा, हे मोबाइलवरील ॲप पाहून ठरवावे लागते. २१ अंश ही उंची फार नाही. यावल, रावेर, चोपडा या भागांत सातपुडा उत्तरेला आहे, त्यामुळे डोंगराच्या अगदी पायथ्याशी किंवा उंच झाडांच्या दक्षिणेला जागा निवडली तर ध्रुवतारा आड जातो. जागा दिवसा पाहून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. शिवाय बहुतेक माउंट थंड देशांतील ४०-५० अंश अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. २१ अंशांवर आस बराच आडवा होतो आणि तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला लागण्याचा संभव असतो. काम सुरू करण्यापूर्वी यंत्र एकदा पूर्ण फिरवून हे तपासून घ्यावे.

कोणती रात्र, कोणती जागा

चंद्र आकाशात असताना वरच्या हिशेबातील आकाशाचा उजेड कित्येक पटींनी वाढतो, म्हणून दिनदर्शिका हे या छंदाचे पहिले साधन आहे. मार्गशीर्ष महिन्याला ते नाव पडले तेच मुळी पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ येतो म्हणून. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा तापीकाठी भरते, त्या रात्री पूर्ण चंद्र मृगाच्या डोक्याशी असतो आणि एम ४२ चे छायाचित्र घेण्यासाठी वर्षातील ती सर्वांत वाईट रात्र ठरते. तिथून पंधरा दिवसांनी येणारी मार्गशीर्ष अमावास्या मात्र सर्वोत्तम. त्यानंतर पौष आणि माघ अमावास्याही चांगल्या. महाशिवरात्रीच्या सुमारास अंधार पडतो तेव्हाच मृग उंच आलेला असतो. अमावास्येच्या आधीचे सहा-सात दिवसही वापरता येतात, कारण वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि तोवर काम करता येते.

एम ४२ खानदेशातून दक्षिणेला सुमारे ६४ अंश उंचीवर येतो. इतक्या उंचीवर वातावरणाचा थर पातळ असतो, ही आपली मोठीच सोय आहे. जागा निवडताना केवळ आपल्या डोक्यावर दिवा आहे की नाही हे न पाहता, ज्या दिशेला कॅमेरा रोखायचा त्या दिशेला शहर नको, हे पाहावे. सातपुड्याच्या पायथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले की जळगाव, भुसावळ आणि तापी खोऱ्यातील गावांचा उजेड नेमका समोर येतो. उत्तरेकडच्या विषयांना मात्र ही जागा उत्तम, कारण मागे डोंगर आणि जंगल असते. याउलट चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवीच्या बाजूला गेल्यास शहर पाठीशी राहते आणि दक्षिणेला गौताळ्याचा जंगलपट्टा येतो. (याच पाटण गावात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ग्रहगणिताची इतकी जुनी परंपरा असलेल्या तालुक्यात आजच्या मुलांनी कॅमेरा घेऊन आकाश पाहावे, असे मला मनापासून वाटते.) अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायला वनविभागाची परवानगी लागते आणि तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे हद्दीबाहेरच्या ओळखीच्या शेतात तंबू ठोकणे बरे. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर असल्यामुळे खोऱ्यातली धूळ आणि धुके बरेचसे खाली राहते, आणि अंधाराच्या दृष्टीने खानदेशात त्याच्या तोडीच्या जागा थोड्याच आहेत.

कापूस निघून गेल्यावर शेतात पऱ्हाट्या जाळल्या जातात, त्या दिवसांत धुराचा पातळ पडदा रात्रभर राहतो. केळीच्या बागांजवळ आणि तापीकाठी थंडीत भिंगावर दव धरते, आणि ते हळूहळू धरत असल्यामुळे छायाचित्रे फिकट होईपर्यंत लक्षातही येत नाही. भिंगाभोवती गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी उबदार पट्टी यासाठी मिळते, ती हवीच.

शेतात आणि नंतर संगणकावर

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक चित्रे फोकसमुळे वाया जातात. भिंगावरील अनंताची खूण विश्वासाची नसते. व्याधाच्या तेजस्वी ताऱ्याकडे कॅमेरा वळवावा, पडद्यावर तो दहापट मोठा करावा आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत भिंगावरचे फोकसचे कडे हलके फिरवावे. बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने सुचवलेली, तिरप्या फटी असलेली पुठ्ठ्याची चकती भिंगापुढे धरली तर ताऱ्याभोवती तीन किरण दिसतात आणि मधला किरण बरोबर मध्यावर आला की फोकस साधला असे समजते. धुळ्याकडे हिवाळ्यात पहाटेपर्यंत पारा झपाट्याने उतरतो आणि त्याबरोबर भिंगही आकसते, म्हणून दर तासाला हे पुन्हा तपासावे.

छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे संवेदकाने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी ठेवून, घ्यावीत. जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तेजोमेघाचा फिकट भाग सगळ्यात खालच्या थोड्या पायऱ्यांतच दडलेला असतो. एम ४२ चा गाभा मात्र इतका तेजस्वी आहे की दीड मिनिटात तो पांढराफटक होतो. गाभ्यातले तारे वेगळे दिसावेत म्हणून पाच-दहा सेकंदांची वीस-पंचवीस छायाचित्रे स्वतंत्रपणे घेऊन ती नंतर जोडावी लागतात.

त्याच रात्री भिंगाला झाकण लावून, तेवढ्याच वेळाची आणि तेवढ्याच आयएसओची काही काळी छायाचित्रे घ्यावीत. संवेदकाच्या स्वतःच्या उष्णतेमुळेही प्रत्येक पिक्सेलवर काही खोटे कण जमतात, आणि काळ्या छायाचित्रांवरून त्यांची सरासरी वजा करता येते. तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की हे खोटे कण दुप्पट होतात. पौषातली १० अंशांची रात्र आणि वैशाखातली २८ अंशांची रात्र यांत १८ अंशांचा फरक आहे, म्हणजे उन्हाळ्यात खोटे कण आठपट. खानदेशातील उन्हाळा पाहता काळी छायाचित्रे टाळणे परवडणारे नाही. पुढे विजेवर थंड होणारा कॅमेरा घेण्याचेही हेच कारण असते. भिंगाच्या कडेला येणारा अंधार आणि धुळीचे ठिपके घालवण्यासाठी पहाटे उजाडताना भिंगावर पांढरे कापड ताणून समान उजेडाची काही छायाचित्रे घ्यावीत.

पुढचे काम संगणकाचे. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या मोफत आज्ञावली सगळी छायाचित्रे ताऱ्यांवरून जुळवतात, काळी छायाचित्रे वजा करतात आणि सरासरी काढतात. एखाद्याच छायाचित्रात आलेली उपग्रहाची किंवा विमानाची रेघ इतरांशी जुळत नाही म्हणून आपोआप गाळली जाते. हाती येणारे चित्र जवळजवळ काळे दिसते, आणि ते पाहून पुष्कळजण निराश होतात. माहिती त्यात असते. फक्त ती खालच्या पायऱ्यांत दाटलेली असते. त्या पायऱ्या ताणून वर आणणे हे संस्करणाचे मुख्य काम. ताणताना कचकच दिसू लागली की तिथेच थांबावे, कारण त्यापलीकडचा तपशील साठवलेल्या प्रकाशात नसतो आणि संगणकाने तो निर्माण केला तर ते तेजोमेघाचे छायाचित्र राहत नाही.

रंगांचा प्रामाणिकपणाही इथेच येतो. अवकाश दुर्बिणींच्या अनेक प्रसिद्ध चित्रांत गंधकाचा प्रकाश तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवलेला असतो. निसर्गात गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबडेच आहेत. वायू वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून केलेली ती मांडणी आहे. हौशी छायाचित्रकारानेही ती जरूर वापरावी, पण चित्राखाली तसे लिहावे.

मृगानंतर

शहराबाहेर जाणे शक्य नसेल तर केवळ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांपुरता प्रकाश जाऊ देणारी अरुंद गाळणी बरीच मदत करते. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड थोड्याच तरंगलांबींवर असल्यामुळे सहज गाळता येई. आताच्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळीकडे पसरलेला असल्याने साध्या गाळण्या फारशा उपयोगाच्या राहिलेल्या नाहीत. अरुंद गाळणी स्वतःच्या प्रकाशाने चमकणाऱ्या वायूलाच लागू पडते. कृत्तिकांभोवतीचे निळसर धुके म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश परतवणारी धूळ आहे, तिचा प्रकाश सर्व तरंगलांबींचा असतो आणि गाळणी लावली की तीच नाहीशी होते. कृत्तिकांसाठी अंधाऱ्या जागेला पर्याय नाही.

बाणाच्या डावीकडील ताऱ्याजवळचा अश्वमुख तेजोमेघ हा काळ्या धुळीचा आहे आणि मागच्या तांबड्या हायड्रोजनमुळेच तो दिसतो. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो प्रथम आढळला. इथे मात्र गाळणी बदललेला कॅमेरा खरोखर कामी येतो. आखाजीच्या सुमारास तृतीयेची कोर लवकर मावळते आणि रात्री दहानंतर धनु राशीतला एम ८ हा तेजोमेघ आग्नेयेला वर येऊ लागतो. पहाटे तो दक्षिणेला ४५ अंश उंचीवर असतो. लंडनहून पाहणाऱ्याला तोच जेमतेम १४ अंशांवर मिळतो. त्याच्याही दक्षिणेला असलेला कराइना तेजोमेघ ३० अंश उत्तर अक्षांशापलीकडे उगवतच नाही. आपल्याकडे चैत्रात रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो ८ ते १० अंशांपर्यंत वर येतो, आणि दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेल्या तोरणमाळच्या कड्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, २०० मिलिमीटरच्या भिंगाने तासाभरात टिपता येतो.